'मायनर' म्हणजे कोणापेक्षा लहान?

मंडळी, रेतीचे टिप्पर, उखडलेले रस्ते, शेतात आलेला वाघ यावर मी नेहमीच लिहितो. आज एका शब्दावर लिहितोय. शब्द इंग्रजी आहे, दिसायला साधा आहे, आणि रेतीत, जंगलात, कालव्यात, सातबाऱ्यात, पोलीस ठाण्यात सगळीकडे ठाण मांडून बसला आहे. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

शब्द आहे 'मायनर'.

तालुक्याच्या पत्रकाराचं अर्धं काम भाषांतराचं असतं, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. पत्रकारितेची पदविका केली तेव्हा भाषांतराचा एक पेपर होता. तो सुटला, पण खरी शिकवणी चिमुरात बातम्या पाठवायला लागल्यावर सुरू झाली. कायदा इंग्रजीत, न्यायालयाचा आदेश इंग्रजीत, निविदा इंग्रजीत, केंद्राची अधिसूचना इंग्रजीत. आणि बातमी वाचणारे नेरीचे, भिसीचे, मासळचे, खडसंगीचे. संध्याकाळपर्यंत बातमी गेली पाहिजे. शब्दकोश उघडायला वेळ नसतो, सवयीनेच हात चालतो.

त्या सवयीत हा एक शब्द मराठीत किती रूपं घेतो, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं.

मुलगी 'मायनर' असली की आपण लिहितो 'अल्पवयीन'. अपघातातली जखम 'मायनर' असली की 'किरकोळ'. 'मायनर इरिगेशन'चा तलाव असला की 'लघु पाटबंधारे'. मुरूम, गिट्टी, रेती हे 'मायनर मिनरल', म्हणून 'गौण खनिज'. सरकारी कर्मचाऱ्याला 'मायनर पेनल्टी' झाली की 'किरकोळ शिक्षा'. सातबाऱ्यावरचा खातेदार 'मायनर' असला की 'अज्ञान'. आणि मोह, डिंक, मध, तेंदू, बांबू हे 'मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस', म्हणून 'गौण वनोपज'.

अल्पवयीन, किरकोळ, लघु, गौण, अज्ञान. एका शब्दाचे पाच झाले. सहावा आपल्या शेतकऱ्यांनी स्वतःच ठरवला: भाषांतर करायचंच नाही. गोसेखुर्दच्या कालव्यावर कागदात 'लघुकालवा' असतो, पण धुऱ्यावर उभा असलेला माणूस विचारतो, "मायनरले पानी आलं का जी?" त्याला बरोबर कळतं, विचारणाऱ्याला कळतं, पाणी सोडणाऱ्यालाही कळतं.

'मायनर'चा विरुद्ध शब्द 'मेजर'. त्याचीही मराठीत अशीच वाटणी झाली आहे. माणूस 'सज्ञान', जखम 'गंभीर', खनिज 'प्रमुख', धरण 'मोठं' आणि नोकरीतली शिक्षा 'जबर'. हा 'जबर' मला फार आवडतो. नियम लिहिणाऱ्या कोणीतरी कान उघडे ठेवून तो निवडला असावा.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? इंग्रजीत एका शब्दाला दहा अर्थ असतात. प्रसंग पाहून मराठी शब्द टाकायचा, झालं.

बरोबर आहे. पण शब्द कोण टाकतो आणि काय पाहून टाकतो, हे बघायला पाहिजे. मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर एका प्रशिक्षणाचं पत्रक फिरत होतं. मोबाईलवर यंत्राने भाषांतर केलेलं दिसत होतं. विषय वनहक्कांचा, आणि त्यात ठळक अक्षरात छापलं होतं: 'अल्पवयीन वन उत्पादनांचे संकलन'. आम्ही दोन-चार पत्रकार चहाच्या टपरीवर खूप हसलो. एक जण म्हणाला, "मग मोहफुलाचा जन्माचा दाखला लागंल ना बापा!"

यंत्राची चूक दिसते, म्हणून आपण हसतो. माणसाने निवडलेला शब्द व्याकरणात बरोबर बसतो, कागदावर शोभतो, आणि पन्नास-साठ वर्षं तसाच चालत राहतो. त्याच्यावर कोणी हसत नाही आणि कोणी विचारतही नाही.

म्हणून आज विचारू.

'मायनर' मूळचा लॅटिन. तिथे त्याचा अर्थ 'अधिक लहान'. म्हणजे हा तुलनेचा शब्द आहे. नुसता 'लहान' म्हटलं तर चालतं, पण 'अधिक लहान' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणापेक्षा? आणि कोणत्या मापाने?

काही ठिकाणी हे माप उघड आहे. माणसाच्या बाबतीत अठरा वर्षं. भारतीय सज्ञानता अधिनियम १८७५ चा, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा. सिंचनाच्या बाबतीत हेक्टर. लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असेल तर लघु, २,००० ते १०,००० मध्यम, त्याच्या वर मोठा. तलाव लघु ठरला म्हणून कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण आकडा समोर आहे. मोजा आणि खात्री करा. आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असेच लघु आहेत आणि त्यांच्यावर गावाचं धानाचं पीक उभं राहतं.

पण 'अज्ञान'? हा शब्द मला नेहमी खटकतो. सातबाऱ्यावर बापाच्या मागे पोराचं नाव चढलं आणि पोरगा अठराच्या आत असला, तर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' येतं. अज्ञान पालन कर्ता. पुढे आईचं नाव. इंग्रजी शब्द फक्त 'अठराच्या आतला' एवढंच सांगतो. मराठीने त्यात भर घातली: तो अज्ञान आहे, त्याला कळत नाही, म्हणून त्याच्या वतीने सही दुसरा कोणी करेल. कायद्याच्या परिभाषेत याचा अर्थ ठरलेला आहे हे मान्य. पण सतरा वर्षांचं पोरगं नांगर धरतं, बँकेचा फॉर्म स्वतः भरतं, आणि सातबाऱ्यावर अज्ञान असतं.

हे 'अ.पा.क.' जरा लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता जंगलाकडे येऊ. मोह, टोरी, चारोळी, डिंक, लाख, मध, तेंदू, बांबू, पावसाळ्यातल्या सात्या, बांबूचे कोवळे वास्ते हे सगळं 'मायनर' कोणापेक्षा?

उत्तर इंग्रजांच्या हिशेबाच्या वहीत आहे. १८६४ साली हिंदुस्थानात वन खातं उभं राहिलं. पहिले वन महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन होते, आणि जर्मन वनशास्त्रात जंगलाच्या उत्पन्नाचे 'मुख्य' आणि 'बाजूचे' असे दोन भाग करायची पद्धत होती. त्या काळात रेल्वे पसरत होती, स्लीपरसाठी लाकूड हवं होतं, जहाजांना आणि इमारतींना सागवान हवं होतं. ज्या वस्तूतून खजिन्यात पैसा येतो ती मुख्य, उरलेलं सगळं बाजूचं. आपल्या आलापल्लीच्या सागाची कीर्ती त्याच काळापासूनची. तर हे मोजमाप होतं खजिन्याचं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जाणाऱ्या बाईच्या चुलीचं माप तिथे लावलेलं नव्हतं. तिच्या मापाने साग बाजूचा आणि मोह मुख्य. सागवान कोणी शिजवून खात नाही.

या 'मायनर'ला मराठीने 'गौण' म्हटलं. शब्द जुना आणि प्रतिष्ठित आहे. संस्कृतात मुख्य आणि गौण ही जोडी शास्त्रचर्चेत वापरतात. मूळ 'गुण' शब्दापासून आलेला. विद्वानांना त्यात काही खटकत नाही. पण मराठीच्या रोजच्या बोलण्यात 'ही बाब गौण आहे' म्हणजे 'हे सोडून द्या'. बैठकीत साहेब म्हणाले की अमुक मुद्दा गौण आहे, की तो मुद्दा संपला.

शेजारी बघा. छत्तीसगडची हद्द गडचिरोलीला लागून. तिकडे याच मालाला 'लघु वनोपज' म्हणतात, त्यांच्या राज्य सहकारी संघाच्या नावातही 'लघु वनोपज'च आहे. गंमत म्हणजे त्याच हिंदीत खनिजाला मात्र 'गौण खनिज' म्हणतात. म्हणजे एकाच भाषेत एकाच इंग्रजी शब्दाला दोन वाटा. आणखी लांब जायचं तर पोर्तुगीज भाषा घ्या, जी आपल्या गोव्यात साडेचारशे वर्षं सरकारी होती. तिच्यात 'मेनोर' हा त्याच लॅटिन मुळाचा शब्द लहान वस्तूलाही चालतो आणि अल्पवयीन पोरालाही चालतो. तिथल्या भाषांतरकाराला मराठीसारखी पाच डब्यांत वाटणी करायची गरज पडत नाही. पण पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्ये, जिथे जगातल्या सगळ्यात मोठ्या वर्षावनाचा मोठा भाग आहे, या मालाला 'मेनोर' म्हणण्याऐवजी 'लाकडाव्यतिरिक्तची वनोत्पादनं' म्हणायची पद्धत आहे. शब्द हाताशी होता, तरी बाजूला ठेवला. यावर विचार करण्यासारखं आहे.

आता कायद्यात काय झालं ते पाहा.

२४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा. आपला चिमूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही, पण गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातला राजुऱ्याकडचा काही भाग येतो. या कायद्याचं चौथं कलम इंग्रजीत वाचा. गावाच्या हातात काय काय दिलं आहे? 'मायनर' जलसाठ्यांचं नियोजन. 'मायनर' खनिजांच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस. 'मायनर' वनोपजाची मालकी.

एका कलमात तीन गोष्टींना मायनर. या तिन्हींच्या आधी हे विशेषण लावलेलं. पाणी गावाचं, पण मायनर असेल तर. दगड गावाला विचारून, पण मायनर असेल तर. सुरजागडच्या डोंगरातलं लोखंड मायनर नाही, म्हणून खनिजाच्या त्या कलमात ते बसत नाही. चंद्रपूरचा कोळसाही नाही.

म्हणजे इथे 'मायनर' हा शब्द कुंपणाचं काम करतो. कुंपणाच्या आत गाव, बाहेर सरकार. मग कुंपण कुठे गाडायचं, हा खरा प्रश्न. आणि ते गाडणारा माणूस व्याख्या लिहिणारा असतो.

खनिजाचं उदाहरण तर मजेदार आहे. १९५७ च्या खाण कायद्यात इमारतीचा दगड, गिट्टी, साधी माती आणि साधी रेती ही मायनर खनिजं. पण रेतीला एक पुस्ती जोडली आहे: ठरवून दिलेल्या कामांसाठी वापरलेली रेती सोडून. ती कामं १९६० च्या नियमात दिली होती. त्यात काच बनवणं होतं, आणि कोळसा काढल्यावर रिकाम्या झालेल्या भूमिगत खाणीत रेती भरणंही होतं. आता आपल्या जिल्ह्यात हे लावून बघा. एकाच नदीची, एकाच घाटाची रेती. घरकुलाच्या भिंतीत गेली तर मायनर, कोळसा खाणीच्या पोकळीत गेली तर मायनर नाही. चुनखडीचंही तसंच. भट्टीत भाजून बांधकामाचा चुना केला तर गौण खनिज, कोरपना-राजुऱ्याकडच्या सिमेंट कारखान्यात गेली तर प्रमुख खनिज. दगड तोच.

मग 'मायनर' हा त्या रेतीचा गुण कसा म्हणायचा? रेतीला माहीतच नाही ती मायनर आहे की मेजर. ती कोणाच्या उपयोगाला जाते, त्यावरून तिची जात ठरते. आणि नदीपात्राची चाळणी होते तेव्हा विहिरींचं पाणी खाली जातं, ते काही गौण प्रमाणात जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिजाच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी लागेल. शब्दाने ज्याला किरकोळ ठरवलं होतं, त्याचं नुकसान किरकोळ नाही, हे तेव्हा कुठे कागदावर आलं.

आता बांबू. ही गोष्ट आपल्या भागातली, आणि प्रत्येक पोराला शाळेत शिकवावी अशी.

पेसाने 'मायनर वनोपज' गावाच्या मालकीचं केलं खरं, पण मायनर वनोपज म्हणजे काय याची व्याख्याच त्या कायद्यात नव्हती. महाराष्ट्राने १९९७ साली आपला कायदा केला आणि यादी दिली. यादीत बांबू आणि तेंदू नव्हते. म्हणजे ज्यात पैसा होता ते दोन्ही कुंपणाच्या बाहेर. उरलं ते खरंच गौण. शब्दाने आपला अर्थ स्वतःच खरा करून दाखवला!

बांबू बाहेर ठेवायला आणखी एक आधार होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या शब्दाची व्याख्या अशी होती की त्यात बांबूही यायचा. वनस्पतिशास्त्र शिकलेलं कोणतंही पोर सांगेल, बांबू गवताच्या कुळातला. आपल्या बुरडांना ते पुस्तक न वाचता माहीत आहे. पण कायद्यात तो झाड होता, आणि झाड म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे मेजर.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. हा चिमूरलाही लागू, कारण त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. या कायद्याने पहिल्यांदा व्याख्या लिहिली. मायनर वनोपज म्हणजे वनस्पतीपासून मिळणारं, इमारती लाकूड सोडून सगळं वनोपज. आणि नावं घेऊन सांगितलं: बांबू, झुडपं, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपानं, औषधी वनस्पती, कंदमुळं. तिसऱ्या कलमात त्यावर मालकीचा हक्क दिला. गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा सुद्धा.

आता ही व्याख्या पुन्हा वाचा. यात 'लहान', 'दुय्यम', 'कमी किमतीचं' असं कुठे काही आहे? नाही. नाव जुनंच ठेवलं, पण आतला अर्थ साफ बदलला. इंग्रजीत 'मायनर' राहिला, पण त्याचा अर्थ झाला 'लाकूड सोडून'. मराठीत मात्र आपण जुन्या अर्थाचाच शब्द लावून ठेवला: गौण. कायदा बदलला, भाषांतर जागेवरच उभं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो. आपण त्याला टीपी म्हणतो. तो देणार कोण? वन खातं. मालक गाव, आणि माल हलवायला सही दुसऱ्याची. आठवलं का ते 'अ.पा.क.'? सातबाऱ्यावरच्या अज्ञान पोरासारखीच गावाची अवस्था. जमीन त्याची, सही पालकाची. पोरगा निदान अठराव्या वर्षी सज्ञान तरी होतो. गावाचं अठरावं वर्ष कधी येणार, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

२७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी अनेक वर्षं धरलेला आग्रह त्या दिवशी फळाला आला. पुढे सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला. आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. ते गाव स्वतः बांबू विकतं, आणि तेंदूपानं तोडायची नाहीत असा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. ज्याला 'गौण' म्हटलं त्याचा कारभार किती विचाराने करता येतो, हे यावरून दिसतं. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम काढून केंद्राने वन अधिनियमातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू काढला. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षं लागली.

दोन-अडीच वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका गावी वनहक्काची ग्रामसभा होती. मी बातमीसाठी गेलो होतो. एक तरुण कार्यकर्ता माहिती सांगत होता, चांगलं सांगत होता. 'गौण वनोपज', 'गौण वनोपज' असं दहा-बारा वेळा आलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, "भाऊ, हे गौण म्हंजे का होय जी?" तो म्हणाला, "म्हणजे आजी, बारीकसारीक. मोहफूल, तेंदू, डिंक वगैरे." मावशी म्हणाल्या, "बारीकसारीक असंल तं मंग आमी वाघाच्या तोंडात कायले जातो?"

सभा हसली. नंतर गप्प झाली.

गप्प का झाली ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात, भर उन्हाच्या आधी, पहाटे चारला बाया जंगलात शिरतात. सत्तर पानांचा एक पुडा. फळीवर पुडे मोजले जातात, त्यावर पोरांच्या शाळेच्या वह्या, खरिपाचं बियाणं आणि लग्नातलं देणं-घेणं अवलंबून असतं. वाकून पान तोडणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणकार सांगतात. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी मराठीतही आली, इंग्रजीतही आली. त्या बाया काय गोळा करत होत्या, त्या मालाचं सरकारी नाव 'गौण' आहे. कोळसा, लोखंड यांना 'प्रमुख' म्हणतात.

आणि वाघाच्या तावडीतून कोणी वाचलं, की आपला दुसरा शब्द पुढे येतो. भरपाईच्या कागदावर मृत्यू, कायमचं अपंगत्व, गंभीर जखमी आणि किरकोळ जखमी अशा पायऱ्या आहेत. किरकोळ म्हणजे पुन्हा मायनरच. पाठीवर पंजाची खूण घेऊन फिरणारा माणूस महिनाभर रात्री झोपत नाही, पुन्हा जंगलात पाऊल टाकत नाही, त्याची एक अख्खी हंगामाची कमाई जाते. वैद्यकीय भाषेत जखम किरकोळ असेलही. पण ती किरकोळ आहे हाडाच्या मापाने. घराच्या मापाने मोजायचा रकाना त्या कागदावर नाही.

कोणी म्हणेल, शब्द बदलून काय होणार आहे? टीपी मिळाली ती मंत्री आले म्हणून, कायदा होता म्हणून, मेंढ्याचे लोक चिकाटीचे होते म्हणून. मान्य आहे. नुसता शब्द बदलून एकही पुडा जास्त भावाने जाणार नाही. पण ग्रामसभेत ठराव वाचला जातो तेव्हा ऐकणाऱ्याला आपला हक्क केवढा आहे हे शब्दावरूनच कळतं. 'गौण वनोपजावर हक्क' ऐकलं की माणसाला वाटतं, चार फुलं-पानं दिली. 'लाकूड सोडून जंगलातल्या सगळ्या वनस्पती-उपजावर मालकी' ऐकलं की माणूस ताठ बसतो आणि विचारतो, मग आमच्या दाव्याचं काय झालं? दोन्ही वाक्यं एकाच कलमाची भाषांतरं आहेत. दुसरं जास्त अचूक आहे.

गेल्या काही वर्षांपासून मी माझ्या बातमीत नुसतं 'वनोपज' लिहितो. कधी कधी छापून येताना पुढे 'गौण' लागलेलं असतं. संपादन करणाऱ्यांचाही इलाज नाही, शासकीय शब्द तोच आहे. पण आपल्या बोलण्यात, सभेत, पत्रकात तरी तो लावायची सक्ती कोणी केलेली नाही. मोहाला मोह म्हणा, बांबूला बांबू म्हणा, सगळं मिळून वनोपज म्हणा.

ग्रामसभेचा ठराव आणि दावा लिहिणाऱ्या पोरांना मात्र एक सांगणं आहे. तिथे कायद्यातला शब्द काढू नका. कागदात शब्द वेगळा दिसला की अर्ज परत करायला निमित्त सापडतं. 'गौण वनोपज' असंच लिहा आणि लगेच पुढे लिहा: 'म्हणजे वनहक्क कायद्याच्या कलम २ मधील व्याख्येप्रमाणे बांबू, तेंदू, मोह, डिंक, मध, लाख, औषधी वनस्पती, कंदमुळे व इमारती लाकूड सोडून इतर सर्व वनस्पतिजन्य वनोपज'. एक ओळ वाढेल, पण उद्या यादीवरून वाद झाला तर तीच ओळ कामाला येईल.

आणि पुढे कधी कुठल्या कागदावर गौण, किरकोळ, लघु, अल्प, दुय्यम असा शब्द दिसला की एवढंच विचारा: कोणापेक्षा? कोणत्या मापाने? उत्तरात हेक्टर किंवा वर्षं सांगितली तर ठीक, मोजून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर समजा की माप दुसऱ्याच्या घरचं आहे.

तुमच्या गावात या मालाला काय म्हणतात? झाडीपट्टीच्या बोलीत 'गौण वनोपजा'ला एखादा आपला जुना शब्द असेल तर खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. मी सगळे शब्द एकत्र करून ठेवतो, पुढच्या ग्रामसभेच्या बातमीत वापरायला.